टॉर्क कन्व्हर्टर निवडताना: आधी गाडी मोजा, मग स्टॉल ठरवा

ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा भाग म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. त्याच्या खोक्यावर ‘२४०० स्टॉल’ (गाडी रोखून धरली तर इंजिन ज्या आरपीएमला अडतं तो आकडा) असं छापलेलं असतं आणि बहुतेक जण तेवढा आकडा बघून पैसे मोजतात. गडबड तिथूनच सुरू होते. स्टॉल हा एकट्या कन्व्हर्टरचा गुण नाही. पुढे कोणतं इंजिन आहे आणि मागे किती वजन ओढायचं आहे, यावर तो ठरतो. तोच कन्व्हर्टर मवाळ इंजिनामागे २१०० ला अडतो आणि दणकट बिग ब्लॉक (मोठ्या आकाराच्या व्ही-८) इंजिनामागे ३००० च्या आसपास जातो. म्हणून निवडीची सुरुवात कॅटलॉगपासून न करता गाडीपासून करायची.

इथे उदाहरणाला १९६९ ते १९७२ च्या शेव्हरोले नोव्हा, कमॅरो, शेव्हेल या गाड्या घेतल्या आहेत: ३५० घनइंची व्ही-८ इंजिन आणि त्यामागे तीन गिअरचा टर्बो हायड्रामॅटिक ३५० (पुढे नुसतं टर्बो ३५०) गिअरबॉक्स. फोर्ड आणि क्रायस्लरच्या गाड्यांत जिथे वेगळं आहे, तिथे तसं सांगितलं आहे.

स्टॉल म्हणजे नक्की काय

इंजिनाला जोडलेला पंप तेल फेकतो, ते समोरच्या टर्बाइनला फिरवतं आणि टर्बाइन गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट फिरवते. टर्बाइनमधून परतणारं तेल पंपाला उलटा धक्का देईल अशा दिशेने येतं. मधला स्टेटर ते वळवून पंपाच्या बाजूने लावतो, आणि टॉर्क वाढतो तो इथेच. गाडी जागेवर असताना ही वाढ साधारण दुपटीची असते. टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या नव्वद टक्क्यांजवळ आला की स्टेटर आपल्या एकतर्फी क्लचवर मोकळा फिरू लागतो आणि वाढ संपते.

टर्बाइन जागेवर रोखून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबला, तर इंजिन ज्या आरपीएमला अडून बसतं तो स्टॉल. तो काढायचं गणित सोपं आहे. प्रत्येक कन्व्हर्टरला एक के-फॅक्टर असतो. त्या आरपीएमला इंजिन जितका टॉर्क देतं त्याच्या वर्गमुळाला के-फॅक्टरने गुणलं की स्टॉल मिळतो. समजा के-फॅक्टर १४० आहे. इंजिन २४० फूट-पौंड टॉर्क देत असेल तर स्टॉल सुमारे २१७०, २९० देत असेल तर २३८०, आणि ४५० देणारं इंजिन असेल तर २९७०. कन्व्हर्टर तोच, आकडे तीन.

या गणितात दोन ठिकाणी फसायला होतं. एक म्हणजे टॉर्क स्टॉलच्या आरपीएमचा घ्यायचा, कमाल टॉर्कचा नाही. दुसरं म्हणजे जुन्या माहितीपत्रकांतले आकडे. १९७१ पर्यंत अमेरिकन कंपन्या ग्रॉस आकडे छापत, म्हणजे एअर फिल्टर, सायलेन्सर, अल्टरनेटर यांचा भार न धरता काढलेले. १९७० च्या ३०० अश्वशक्तीच्या ३५० इंजिनापुढे ३८० फूट-पौंड लिहिलेलं दिसतं. गाडीत बसवलेलं तेच इंजिन २००० आरपीएमला याच्या बरंच खाली असतं. १९७२ पासून नेट आकडे आले, ते हिशोबाला जास्त खरे.

वहीत आधी काय लिहायचं

इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टपासून (कॅमपासून) सुरुवात करा. कॅम कार्डवर ०.०५० इंच लिफ्टला मोजलेली इनटेक ड्युरेशन (झडप किती अंश उघडी राहते ते) दिलेली असते, ती हवी. जाहिरातीत छापलेली मोठी ड्युरेशन इथे कामाची नाही. कार्ड हरवलं असेल तर गरम इंजिनावर व्हॅक्यूम गेज लावून आयडलचा व्हॅक्यूम नोंदवा. मूळ कॅम असलेलं निरोगी ३५० इंजिन १८ ते २० इंच पारा दाखवतं. हा आकडा १२ च्या खाली असेल आणि टायमिंग, कार्ब्युरेटर व व्हॅक्यूम गळती तपासून झाली असेल, तर आत मोठा कॅम आहे असं धरा.

त्याखाली कॉम्प्रेशन रेशो, माणसांसकट गाडीचं वजन, डिफरन्शियलचा रेशो, मागच्या टायरचा व्यास इंचांत आणि गिअरबॉक्सचं नेमकं मॉडेल लिहा. डिफरन्शियलच्या पाटीवर भरवसा ठेवू नका. पन्नास वर्षांत कोणीतरी तो बदललेला असू शकतो. मागची दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रलला ठेवून, दोन्ही चाकं एकदम बरोबर एक फेरा फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजा. तीन फेऱ्यांहून किंचित जास्त आले तर ३.०८, पावणेचारला थोडे कमी आले तर ३.७३. हे करताना पुढच्या चाकांना अडसर आणि खाली स्टँड हवेतच. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात घालू नका.

आता महामार्गावरचा आरपीएम काढा. ताशी मैल गुणिले डिफरन्शियलचा रेशो गुणिले ३३६, भागिले टायरचा व्यास. ६५ मैल, ३.०८ आणि २६ इंची टायर: सुमारे २५९० आरपीएम. ३.५५ ला तेच २९८०, ३.७३ ला ३१३०. आकडा टॉप गिअर १.०० चा आहे. ओव्हरड्राइव्ह (१.०० पेक्षा कमी रेशोचा वरचा गिअर) असेल तर त्याच्या रेशोने पुन्हा गुणायचं.

आकडा कसा ठरवायचा

सरळ नियम असा: कॅम जिथे जागा होतो (इंजिन जोर धरू लागतं) त्या आरपीएमच्या थोडं वर स्टॉल हवा आणि महामार्गावरच्या आरपीएमच्या तो तीन-चारशे खाली राहायला हवा. या दोन्ही अटी एकत्र बसत नसतील तर कन्व्हर्टर बदलून काही होणार नाही. कॅम किंवा डिफरन्शियल बदलावा लागेल.

इंजिन मूळ अवस्थेत आहे, ड्युरेशन २१० अंशांच्या आत आहे आणि डिफरन्शियल २.७३ किंवा ३.०८ चा आहे, तर कारखान्यातला बारा इंच व्यासाचा कन्व्हर्टरच सर्वांत चांगला. त्याचा स्टॉल १६०० ते १८०० च्या घरात असतो. इथे २८०० चा बसवला तर गाडी सुटताना नुसती घोंघावेल, पेट्रोल जास्त पिईल आणि पिकअप मात्र वाढणार नाही, कारण या इंजिनाची ताकद खालच्याच आरपीएमला आहे. हा खर्च करू नका, असंच आमचं स्पष्ट सांगणं आहे.

ड्युरेशन २२० ते २२८, कॉम्प्रेशन साडेनऊच्या आसपास, फोर बॅरल कार्ब्युरेटर आणि ३.३६ किंवा ३.५५ चा डिफरन्शियल असेल, तर २४०० ते २६००, साधारण अकरा इंची. रस्त्यावर चालवायच्या गाडीला सर्वांत समाधान देणारी जोडी हीच. मूळ कन्व्हर्टर ठेवला तर या गाडीची तक्रार ठरलेली असते: न्यूट्रलमध्ये ८५० वर छान चालणारं इंजिन ड्राइव्ह टाकताच ६०० वर येऊन थरथरतं, सिग्नलला बंद पडतं. मग लोक आयडल वाढवतात आणि ब्रेकवरून पाय काढताच गाडी पुढे उसळते. कार्ब्युरेटर बिचारा विनाकारण खोलला जातो. दोष टाइट, म्हणजे कमी स्टॉलच्या, कन्व्हर्टरचा असतो.

२३६ अंशांच्या पुढचा कॅम ३००० ते ३२०० चा दहा इंची कन्व्हर्टर मागतो, आणि त्याच्यासोबत किमान ३.७३ चा डिफरन्शियल. ही गाडी रोजच्या वापराची राहत नाही, हे घेतानाच मान्य करा. कॅम तोच ठेवून इंजिन ३५० ऐवजी ४०० घनइंची असेल, तर तो कॅम त्या इंजिनाला मवाळ वाटतो. स्टॉलची गरज दोन-तीनशेने कमी होते.

‘२४०० स्टॉल म्हणजे २४०० आरपीएमपर्यंत गाडी हलणारच नाही’ हा समज काढून टाका. स्टॉलचा आकडा पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरचा आहे. हळुवार पाय दिला की टॉर्क कमी, आणि कमी टॉर्कला तोच कन्व्हर्टर खूप खालीच पकड घेतो. ६५ मैलांना सपाट रस्त्यावर समजा ३० अश्वशक्ती लागते. २५९० आरपीएमला ती म्हणजे जेमतेम ६१ फूट-पौंड, आणि १४० च्या के-फॅक्टरला तेवढ्या टॉर्कचा स्टॉल होतो सुमारे ११००. इंजिन त्याच्या दुपटीहून वर फिरतंय, त्यामुळे घसरण फारच थोडी राहते.

ओव्हरड्राइव्ह आला की हिशोब बदलतो

बरेच जण टर्बो ३५० काढून १९८२ पासून आलेला चार गिअरचा ७००आर४ बसवतात. त्याचा चौथा गिअर ०.७० चा आहे. ३.०८ च्या डिफरन्शियलवर ६५ मैलांना इंजिन फक्त १८१० वर येतं. सपाटीवर ठीक, पण चढ लागला आणि टॉर्कची मागणी २०० फूट-पौंडांवर गेली की वरच्याच कन्व्हर्टरचा स्टॉल होतो १९८०. म्हणजे इंजिन स्टॉलच्याही खाली फिरायला बघतंय. कन्व्हर्टर भसाभस घसरतो आणि ती सगळी ताकद तेल तापवण्यात जाते. म्हणून ओव्हरड्राइव्हला लॉकअप कन्व्हर्टरच (आतल्या क्लचने घसरण बंद करणारा) घ्या आणि लॉकअपची वायरिंग पूर्ण करा: ब्रेकच्या स्विचमधून जाणारा पुरवठा आणि चौथ्या गिअरचा प्रेशर स्विच. ‘नंतर जोडू’ म्हणून लॉकअप न जोडता महामार्गावर चालवलेले गिअरबॉक्स जळतात. त्यात टीव्ही केबलही (थ्रॉटल किती उघडला हे गिअरबॉक्सला कळवणारी) नीट लावलेली हवी, नाहीतर क्लच आधी जातील आणि ठपका कन्व्हर्टरवर येईल.

बसेल का

स्टॉल ठरला, आता मापं. टर्बो ३५० आणि टर्बो ४०० या गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टला ३० स्प्लाइन (लांबीच्या दिशेच्या खाचा) आहेत, पॉवरग्लाइड गिअरबॉक्सला १७. सुरुवातीच्या ७००आर४ ला २७ आणि नंतरच्यांना ३०. फोर्डच्या सी४ गिअरबॉक्समध्ये वर्षानुसार २४ किंवा २६ असतात, क्रायस्लरच्या ७२७ गिअरबॉक्समध्ये जुन्यांना १९ आणि नंतरच्यांना २४. गाडीचं वर्ष सांगून मागवू नका, शाफ्ट मोजून मागवा.

कन्व्हर्टर ज्या दातेरी प्लेटने क्रँकला जोडला जातो त्या फ्लेक्सप्लेटला बोल्टचं वर्तुळ शेव्हरोलेत १०.७५ इंची किंवा ११.५ इंची असतं. १५३ दात्यांच्या लहान प्लेटला फक्त १०.७५ चं, १६८ दात्यांच्या मोठ्या प्लेटला बहुधा दोन्ही. स्टार्टरही दात्यांनुसार बदलतो. कन्व्हर्टरच्या नाकावरचा पायलट क्रँकच्या भोकात अलगद, खेळ न राहता बसायला हवा. शेव्हरोलेच्या या इंजिनांना तो सुमारे १.७०३ इंच आहे. क्रायस्लरमध्ये हे भोक १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात १.५५ वरून १.८१ इंचांवर गेलं. नवीन इंजिन आणि जुना कन्व्हर्टर अशी जोडी केली की पायलट त्या भोकात डुगडुगतो, सील काही महिन्यांत गळतं.

मग बॅलन्स. ३५० इंजिन आतून बॅलन्स केलेलं आहे, पण ४०० स्मॉल ब्लॉक आणि ४५४ बिग ब्लॉक यांना वजन लावलेली फ्लेक्सप्लेट लागते. क्रायस्लरच्या ३६० घनइंची इंजिनाचं बॅलन्सिंगचं वजन तर कन्व्हर्टरच्याच अंगावर वेल्ड केलेलं असतं. बाजारातला बिनवजनी कन्व्हर्टर तिथे लावला की इंजिन जोरात थरथरतं. वजन असलेला मागवा, किंवा त्या इंजिनासाठीची वजनदार फ्लेक्सप्लेट घ्या.

एक इशारा गिअरबॉक्सबद्दलही. १९४० च्या मॉडेलपासून आलेल्या मूळ हायड्रामॅटिकमध्ये टॉर्क कन्व्हर्टर नाही. स्टेटर नसलेलं नुसतं फ्लुइड कपलिंग आहे. आणि १९६५ ते १९६७ च्या ब्यूक, ओल्ड्समोबाइल, कॅडिलॅकमधल्या टर्बो ४०० ला पाती वळणारा स्टेटर होता. त्याचा पंप आणि इनपुट शाफ्ट वेगळे आहेत, म्हणून साधा कन्व्हर्टर तिथे चालत नाही.

विकणाऱ्याला काय विचारायचं

वहीतले सगळे आकडे त्याच्यापुढे ठेवा. तो कॅम, वजन आणि डिफरन्शियल न विचारता भाव सांगत असेल तर दुसरीकडे जा. चांगला कारागीर हेच आकडे आधी मागतो आणि स्टेटर व पात्यांचा कोन त्यानुसार ठेवतो.

पंप आणि टर्बाइनची पाती भट्टीत ब्रेझ केलेली (धातू वितळवून जोडलेली) आहेत का, हे विचारा. कारखान्यातली पाती नुसती दुमडून अडकवलेली असतात. जोरदार इंजिनामागे ती हलू लागतात आणि स्टॉल आपोआप बदलतो. आत थ्रस्ट वॉशरऐवजी नीडल बेअरिंग असावीत. हब (गिअरबॉक्सच्या तेलपंपात जाणारी मागची नळी) कठीण पोलादाचा हवा. फुगण्याविरुद्धची जाड प्लेट ट्रान्सब्रेक (शर्यतीत सुटेपर्यंत गिअरबॉक्स रोखून धरणारी सोय) किंवा नायट्रस (ताकद वाढवणारा वायू) वापरणाऱ्यांनी घ्यावी. रस्त्यावरच्या गाडीला ती फुकटचं वजन आहे.

जुना रिबिल्ट कन्व्हर्टर हातात आला तर हबमधून बोट घालून स्टेटरची स्प्लाइन फिरवून बघा. एका दिशेला फिरली आणि दुसऱ्या दिशेला घट्ट अडली तर ठीक. हबच्या चकचकीत भागावर नखाला जाणवेल अशी खाच असेल तर परत करा, सील टिकणार नाही. पूर्वीचा गिअरबॉक्स जळलेला असेल तर त्याचा कन्व्हर्टर धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह टाळा. आत अडकलेला क्लचचा भुसा न उघडता निघत नाही.

तेल थंड ठेवा

गिअरबॉक्सचं तेल ८० अंश सेल्सियसच्या आसपास राहिलं तर दीर्घकाळ टिकतं. त्यापुढे दर ११ अंशांना त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. २५०० च्या पुढचा स्टॉल असेल तर रेडिएटरमधल्या कूलरच्या पुढे एक वेगळा कूलर जोडा: आधी रेडिएटर, मग बाहेरचा कूलर, मग गिअरबॉक्स. जुना गिअरबॉक्स जळाला असेल तर नळ्या आणि कूलर दोन्ही बाजूंनी धुऊन घ्या. तुंबलेला कूलर कन्व्हर्टरमधला दाब वाढवतो, कन्व्हर्टर फुगतो आणि क्रँकचं थ्रस्ट बेअरिंग खातो. इंजिन आयडलला असताना परतीच्या नळीतून साधारण अर्ध्या मिनिटात एक लिटर तेल यायला हवं.

मुंबई-पुण्याकडे अशी गाडी सांभाळणाऱ्यांनी बोरघाटाचा विचार करावा. उन्हात, एसी लावून, ट्रकमागे रखडत चढताना कन्व्हर्टर सतत घसरणीत राहतो. तिथे गिअर २ ला टाकून इंजिन वर फिरतं ठेवा आणि निवड करताना दोन आकड्यांमध्ये अडलात तर खालचा घ्या. परदेशातून मागवलेला कन्व्हर्टर परत पाठवणं महागात पडतं, म्हणून वरची मापं दोनदा घ्या.

बसवताना

कन्व्हर्टर उभा धरून त्यात सुमारे एक लिटर तेल ओता, हबला आणि सीलला तेल लावा. शाफ्टवर चढवून आत ढकलत फिरवत राहा. तीन टप्पे जाणवतात: टर्बाइनची स्प्लाइन, स्टेटरची स्प्लाइन आणि शेवटी गिअरबॉक्सच्या तेलपंपाच्या खाचा. तिसरा टप्पा चुकला तर पुढचा सगळा खर्च वाया. खात्रीसाठी बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या घंटेसारख्या पुढच्या भागाच्या) तोंडावर सरळ पट्टी ठेवा. बोल्टचे पॅड पट्टीपासून एक इंचाहून थोडे जास्त आत असायला हवेत.

इंजिन ब्लॉकच्या मागच्या दोन्ही डॉवेल पिना जागेवर आहेत ना बघा. त्या नसतील तर गिअरबॉक्स तिरका बसतो आणि पंपाचा बुश झिजतो. फ्लेक्सप्लेटचे क्रँककडचे बोल्ट ६० फूट-पौंडांना आवळा. आता बेल हाउसिंग हाताने ब्लॉकला पूर्ण टेकली पाहिजे. फट राहिली आणि बोल्ट आवळून ती ओढून घेतली, तर पंप तिथेच फुटतो. टेकल्यावर कन्व्हर्टर हाताने सहज फिरायला हवा. तो पूर्ण मागे ढकलून पॅड आणि फ्लेक्सप्लेट यांतलं अंतर मोजा: १/८ ते ३/१६ इंच, म्हणजे ३ ते ५ मिलिमीटर. जास्त असेल तर तिन्ही पॅडवर सारख्या जाडीचे कडक वॉशर घाला. अंतर उरतच नसेल तर थांबा. काहीतरी चुकीचं आहे. तीन बोल्ट ३५ फूट-पौंडांना आवळा, लांबी मूळ बोल्टइतकीच. लांब बोल्ट कन्व्हर्टरच्या तोंडाला आतून उंचवटा पाडतो, आणि लॉकअपचा असेल तर त्याच्या क्लचची जागाच बिघडते.

पॅनमध्ये चार लिटर भरून इंजिन सुरू करा, लगेच आणखी ओतत जा, ब्रेक दाबून सगळे गिअर एकेकदा टाका. पूर्ण रिकाम्या टर्बो ३५० ला सुमारे साडेनऊ लिटर लागतं. पातळी गरम तेलावर, पार्कमध्ये, इंजिन चालू ठेवून बघायची. क्रायस्लरच्या जुन्या टॉर्कफ्लाइटमध्ये मात्र न्यूट्रलमध्ये, कारण पार्कमध्ये तो कन्व्हर्टरला तेल पुरवत नाही.

नंतरची तपासणी

इंजिन आणि तेल गरम असताना, मोकळ्या जागेत, हँडब्रेक आणि पायब्रेक दोन्ही दाबून ड्राइव्हमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण द्या आणि आरपीएम वाचा. पाच सेकंदांच्या आत पाय काढा आणि न्यूट्रलमध्ये मिनिटभर तेल फिरू द्या. मागची चाकं ब्रेकला न जुमानता फिरू लागली तर हा आकडा मिळणार नाही. अशा गाडीत दुसऱ्या गिअरवर हळू चालत असताना अचानक पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन आरपीएम कुठे उडी मारतो ते बघा.

अपेक्षेपेक्षा दोन-तीनशे कमी आला तर इंजिन कमजोर आहे. टायमिंग आणि कॉम्प्रेशन तपासा. जवळपास तिसऱ्या हिश्श्याने कमी असेल, गाडी सुटताना मरगळलेली पण महामार्गावर ठणठणीत असेल, तर स्टेटरचा एकतर्फी क्लच दोन्हीकडे फिरतोय. उलट सुटताना सगळं ठीक, पण ५०-६० मैलांच्या पुढे इंजिन जोर धरत नाही आणि तेल भयंकर तापतं, तर स्टेटर दोन्ही दिशांना अडकलाय. दोन्ही वेळा कन्व्हर्टर काढावाच लागतो. आरपीएम अपेक्षेच्या बराच वर गेला आणि तेलाला जळका वास असेल, तर घसरतायत ते गिअरबॉक्सचे क्लच. अशा वेळी नवा कन्व्हर्टर आणू नका, पॅन उघडा.